'इथं'चं 'तिथं'

चहा पाजताय म्हणून सांगतो, नाहीतर ही फजिती मी सहसा उघड करत नाही. इंग्रजीच्या एका नियमापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. हसू नका, खरंच सांगतोय.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. उर्दूवर पोसलेल्या आमच्या मुलुखाला आता इंग्रजीची घाई झाली होती, आणि लोहाऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मी नुकताच लागलो होतो. नव्या मास्तरापेक्षा उतावळा नवरा परवडला म्हणतात. मी तर दोन्ही होतो!

त्या आठवड्यात डायरेक्ट-इनडायरेक्ट चाललं होतं. दुसऱ्याचं बोलणं आपण सांगताना 'मी'चा 'तो' करायचा, 'इथं'चं 'तिथं' आणि 'उद्या'चा 'दुसरा दिवस'. वर्गाच्या डोक्यात काही शिरेना. आपल्याकडं कसं, तो म्हणाला मी येतो. संपलं! मागच्या बाकावरचा एक दांडगा गडी उठून म्हणाला, "सर, त्येच्या तोंडातला 'मी' आपुन काढून घ्यायचा, ही तर चुगलीच झाली की."

मी चिडलो आणि हुकूम सोडला. परीक्षा होईपर्यंत सगळ्यांनी मराठीसुद्धा नियमानंच बोलायची. मग मास्तरानं आधी पाळायला नको? मीही पाळायला लागलो.

अशात एका शुक्रवारी एस.टी. स्टँडवर अणदूरचे गुरुजी भेटले. त्यांच्या मुलीचं स्थळ मला सांगून आलं होतं. पत्रिका जुळली होती, बघणं तेवढं राहिलं होतं. आधीची दोन स्थळं फिसकटलेली, त्यामुळं आईनं खंडोबाला साकडं घातलेलं. गाडी सुटता सुटता गुरुजी खिडकीतून म्हणाले, "दादांना सांगा, उद्या मुलीला घेऊन मी इथं येतो. तिची मावशी इथंच असती. तुम्ही कुठं जाऊ नका."

आता आपल्याच लग्नाचा निरोप वडिलांना तोंडावर सांगायचा म्हणजे केवढी लाज! मी दाराआडून सांगितला, तोही अगदी नियमानं. "गुरुजी म्हणाले, दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन ते तिथं येणार. त्यांनी कुठं जाऊ नये." आणि पळालो. इनडायरेक्टची हीच तर मजा, 'मला', 'माझं' म्हणायची वेळच येत नाही.

शनिवारी सकाळची शाळा. ती सुटल्यावर घरी येतो तर दाराला कुलूप, आणि बाहेर ओट्यावर गुरुजी, मावशी आणि ती मुलगी.

शेजारच्या काकूंनी खुलासा केला. दादा आणि आई पहिल्या गाडीनं अणदूरला गेले होते. मुलगी मावशीकडं असेल, तिला घेऊन गुरुजी तिथं, म्हणजे अणदूरला स्वतःच्या घरी येणार आणि कुठं जाणार नाहीत, असा दादांनी हिशेब लावला होता. त्यांचं तरी काय चुकलं? मुलगी बघायची ती मुलीच्या घरी, ही आमच्याकडची रीतच. शाळा सुटली की मीही मागच्या गाडीनं निघावं, असं सांगून ठेवलं होतं.

गुरुजींचा चेहरा उतरला. "नको असंल तर तसं सरळ सांगायचं होतं. दाराला कुलूप कशाला घालायचं?"

हे तिसरं स्थळ, आणि ते माझ्याच तोंडानं चाललं होतं. मग काय करतो? ओट्यापुढं उभा राहिलो आणि डायरेक्ट-इनडायरेक्टचा अख्खा तास घेतला. गुरुजी उर्दूत शिकलेले, इंग्रजीशी त्यांचा उभा दावा. मी जितकं समजावावं तितक्या त्यांच्या कपाळाला आठ्या. तेवढ्यात खाली मान घालून बसलेल्या मुलीचे खांदे हलायला लागले. रडते की काय? कसलं रडणं, ती हसत होती!

मावशींनी तिला बाजूला नेलं, दोघींची कुजबुज झाली, आणि परत येऊन त्या म्हणाल्या, "सुमन म्हणती, मुलगा मला पसंत आहे."

उभ्या जन्मात ऐकलेलं सगळ्यात गोड वाक्य हो! त्यावर मी काय बोलावं?

"मला म्हणजे कुणाला? तुम्हाला?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. शेवटी मान वर करून सुमनच म्हणाली, "मावशीला न्हाय, मला."

दादा आणि आई अणदूरच्या कुलपाला बोल लावत संध्याकाळी परतले, तोवर सुपारी फोडायचीच काय ती राहिली होती. नंतर पुस्तक उघडून बघितलं. निरोप त्याच गावात त्याच दिवशी सांगितला, तर 'इथं' आणि 'उद्या' तसंच ठेवतात. ते मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळे डोळे पुसत होते. गुरुजींनी सुमनला जवळ घेतलं, माझ्याकडं एकवार बघितलं आणि माझ्या त्या अख्ख्या तासात समजलेला एकुलता एक इंग्रजी शब्द वापरला.

"पोरी, ह्यांना काय सांगायचं ते डायरेक्टच सांगत जा."