आज मेल मझौलीत आहे

माझ्या बायकोच्या मामांइतका खात्रीचा माणूस सबंध जबलपुरात नसेल, आणि त्यांच्याइतका खात्री करून घेणारा तर नर्मदेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही. कुलूप लावल्यावर ते ओढून पाहणारे लोक पुष्कळ असतात. मामा कुलूप लावतात, ओढतात, मग उघडतात आणि किल्ली याच कुलपाची आहे ना हे पाहून पुन्हा लावतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरातले सगळे माझा पगार, उंची आणि नाक बघत होते. मामांनी मात्र माझी पत्रिका आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवला आणि दोन्हींवरची जन्मतारीख ताडून पाहिली. "जुळली. मुलगा चांगलाच असेल," असा निकाल देऊन ते चहा प्यायला लागले. या निकालावर माझी बायको अजून अधूनमधून शंका घेते, पण मामांवर नाही.

हा स्वभाव त्यांना नोकरीनं दिला. इथल्या एका कारखान्यात ते गेज तपासायचे. तयार झालेल्या भागाचं माप ज्यानं बघतात ते गेज. आणि ते गेज वापरून झिजलं तर नाही ना, हे बघायला दुसरं एक, कपाटात मऊ फलालीनच्या कापडात गुंडाळून ठेवलेलं, ते मास्टर. मामांनी उभा जन्म एकाला दुसऱ्याशेजारी ठेवून बघण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर घरात जुळवायला काही उरलं नाही म्हणून ते थोडे दिवस दोन घड्याळांच्या मागे लागले होते. तेवढ्यात त्यांना ईमेल सापडला.

मामा राहायचे जबलपुरातल्याच गोरखपूर भागात, डेस्कटॉपसकट. मामी मझौलीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि तिथंच एक खोली घेऊन राहायच्या, लॅपटॉपसकट. दोघांचा मिळून मेलचा पत्ता मात्र एकच. "नवरा-बायकोला दोन पत्ते काहून पाहिजे? आम्ही का वेगळे राहून राहिलो?" असं मामा मलाच विचारायचे. त्यांचं मेल उतरवण्याचं तंत्र जुन्या वळणाचं होतं. ज्या यंत्रानं आधी उघडलं त्यानं आलेलं सगळं आपल्या फाइलीत उतरवून घ्यायचं आणि वर सर्व्हरवर काही शिल्लक ठेवायचं नाही. त्यामुळे गोरखपूरच्या घराचं विजेचं बिल मझौलीत उतरायचं आणि मामींच्या शाळेचं वेळापत्रक गोरखपुरात. मामींच्या भाचीला मुलगी झाली तेव्हा बातमी लॅपटॉपवर गेली आणि फोटो डेस्कटॉपवर. मामी तिकडे नुसतं नाव घोळवीत बसल्या आणि मामा इकडे हे बाळ कोणाचं असावं याचा विचार करीत. फोन करता आला असता, पण फोनवर ऐकलेली गोष्ट ताडून पाहता येत नाही, असं मामांचं मत.

म्हणून शनिवार. शनिवारी सकाळी मामा डेस्कटॉपवरची मेलची फाइल पेन ड्राइव्हवर घेत, तो ड्राइव्ह फलालीनच्या तुकड्यात गुंडाळून मामींच्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवत, डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात, आणि पॉलिश केलेले बूट घालून मझौलीच्या बसमध्ये बसत. सोबत पाव किलो खव्याची जलेबी. तिथं दोन्हीकडचे मेल एकत्र करायचे, आणि ती पुरी झालेली फाइल रविवारी परत आणून डेस्कटॉपवर चढवायची. मधल्या काळात गोरखपुरातल्या डेस्कटॉपला कोणी हात लावायचा नाही. एकदा बायकोला तिथून घाईनं काही बघायचं होतं, तर मामांनी बसस्टँडवरून फोनवर बजावलं, "बेटा, आज मेल घरी नाही. आज मेल मझौलीत आहे." जणू मेल म्हणजे घरचा कर्ता पुरुष, कामानं गावाला गेलेला.

मी बँकेत काम करतो, म्हणून मला यातलं कळतं असा घरात समज आहे. मी त्यांना म्हटलं, हल्ली हे सगळं आपोआप जुळतं, दोन मिनिटांचं काम आहे. मामा समजूतदारपणे हसले. "अच्छा. पण जावईबापू, आपोआप जुळलं ते तपासतो कोण?"

त्यांचं तपासणं मी एकदा मझौलीला जाऊन पाहिलं. मेल एकत्र झाल्यावर मामा गोरखपूरहून लिहून आणलेला कागद बघून एकेका मेलचा विषय वाचत आणि मामी लॅपटॉपवर शोधून सांगत. "विजेचं बिल?" "आहे." "तुझ्या भाचीच्या मुलीचा दात?" "आहे. दोन फोटो आहेत." "तुझ्या शाळेचं ते, गॅदरिंगचं?" "आहे. त्यात काय झालं, सांगू?" मग मामी सांगत आणि मामा ऐकत. हसत. मध्येच जलेबी. दोन तास मी कोपऱ्यात बसलो होतो, मला कोणी चहाही विचारला नाही, आणि मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

अशा माणसाच्या हातून एका शनिवारी दिशा चुकली. मेल एकत्र करण्याऐवजी मामांनी गोरखपूरची फाइल सरळ लॅपटॉपवरच्या फाइलीवर चढवली. यंत्रानं विचारलं, जुनी पुसू? मामांनी हो म्हटलं. मामींचा सबंध आठवडा गेला, आणि त्यात जबलपूरला बदली हवी का, असं विचारणारा मेल होता. आठ दिवसांत कळवायचं होतं, कळवलं गेलं नाही, बदली दुसऱ्या कोणाला मिळाली. मामा खचले. गोरखपुरात भेटेल त्याला सांगत सुटले, "झिजलेल्या गेजवरून मी मास्टर घासून टाकला हो!" ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, पण चेहरा बघून तो 'च्च' म्हणायचा. दोन्ही यंत्रांवर त्यांनी खडूनं बाण काढले. मामींना घरापासून लांब आपणच ठेवलं या दुःखानं ते बुधवारीही जलेबी घेऊन मझौलीला जाऊ लागले.

मी मामींना म्हटलं, मेल गेला तरी ऑफिसला एक फोन केला असता तर झालं असतं की. मामी पोळी लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "मेल मी शुक्रवारीच वाचला होता, जावईबापू. फोन करता आला असता. नाही केला." लाटणं पुन्हा सुरू झालं. "एका घरात होतो तेव्हा हे सकाळी पेपर वाचायचे, संध्याकाळी पेपर वाचायचे. बोलायचं काय, तर मीठ कमी आहे. मेल जुळवायला लागले तेव्हापासून माझ्याशी बोलून राहिलेत. सगळं विचारतात. जबलपूरला गेली असती तर शनिवारी हे कुठं गेले असते?" मग पोळी तव्यावर टाकून म्हणाल्या, "त्यांना सांगितलं मी हे. विश्वासच नाही ठेवत. म्हणतात, तू माझं मन राखून राहिली."

यंदा मामी निवृत्त झाल्या. मझौलीची खोली सोडली, लॅपटॉप घरी आला आणि डेस्कटॉपशेजारी त्याच टेबलावर बसला. मला मामींचीच काळजी वाटत होती. नंतरच्या पहिल्या शनिवारी मुद्दाम गेलो. मामा अंघोळ करून, बूट घालून, चष्म्याची डबी हातात घेऊन बाहेरच्या खोलीत उभे होते. कुठं जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. टेबलावर पेपर पडलेला होता. त्यांनी तो उचलला.

मामी स्वयंपाकघरातून आल्या, हात पुसले, लॅपटॉप काखेत घेतला. "चलो, मी मझौलीला चालली," म्हणाल्या. "जेवणाच्या आधी या. जलेबी गरम आणा." आणि गल्लीकडे दार असलेल्या मागच्या खोलीत जाऊन त्यांनी मधलं दार आतून लावून घेतलं.

मामांनी पेपर घडी करून ठेवला, डबी आतल्या खिशात घातली, मला म्हणाले, "डेस्कटॉपला हात लावू नका," आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. चौकातून जलेबी घेऊन, गल्लीला वळसा घालून ते मागच्या दाराशी पोचले असावेत, कारण थोड्या वेळानं कडी वाजली, आणि मामी म्हणाल्या, "आलात? बसला गर्दी होती का?"

मी बंद डेस्कटॉपसमोर बसून भिंतीपलीकडचं ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. माझं आणि बायकोचं सगळं फोनवर आपोआप जुळतं, आणि आम्हाला एकमेकांना काही विचारावं लागत नाही. मामांना हल्ली ऐकू कमी येतं. ते एकेक विषय मोठ्यानं वाचत होते आणि मामी प्रत्येक वेळी न कंटाळता दोनदा सांगत होत्या, "आहे. आहे हो."