अहवालातला काळा गूळ

निवृत्तीपर्यंत मी एका परदेशी कंपनीच्या साताऱ्यातल्या गोदामात खरेदी पाहायचो. महाबळेश्वरची हॉटेलं, कारखान्यांची कँटीनं, कॉलेजांच्या मेस, सगळीकडे तांदळापासून गोठवलेल्या मटारपर्यंत माल आमचा जायचा. गूळ यायचा सांगलीहून, माझ्या मित्राच्या पेढीवरून. मित्र जैन. दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी जेवत नाही. म्हणून सौदे आटोपले की तो माझा हात धरूनच घरी न्यायचा. "चल रं, उजेड हाय तवर दोन घास खा. तुझ्या साताऱ्यात काय मिळतंय?"

एका वर्षी कंपनीनं शाश्वततेचा ध्यास घेतला. पावडर न घालता केलेला गूळ हवा, म्हणाले. रंग उजळायची पावडर नसली की गूळ काळपट होतो, आणि काळपट गुळाला सांगलीच्या सौद्यात कुणी विचारत नाही. तरी मित्रानं गुऱ्हाळवाल्यांना राजी केलं, माझ्या शब्दावर. परदेशी पाहुणे आले, त्यांनी काकवी चाखली, मित्राला ढेपेवर हात ठेवून उभं केलं, फोटो काढले. मलाही वाटलं, नोकरी संपता संपता हातून काहीतरी बरं होतंय.

अर्ध्या हंगामात वरिष्ठांचा फोन आला. "फोटो झाले ना? आता नेहमीचा पिवळा घ्या, स्वस्तातला. यंदा नफा दाखवायचाय. सांगलीवाल्यांना मात्र इतक्यात बोलू नका. तपासणीला माणसं येणार आहेत, तोवर गुऱ्हाळं चालू दिसली पाहिजेत."

त्याच आठवड्यात मित्रानं विचारलं, "गड्या, काढू का अजून? गुऱ्हाळवाली लय मागं लागल्यात."

"काढ," मी म्हणालो. "मी आहे ना."

तपासणी झाली आणि कंपनीनं उरलेला माल नाकारला. पावसाळ्यात मित्राच्या वखारीत गूळ पाघळला. दाराखालून काळा पाक रस्त्यावर आला, येणारे जाणारे पाय उचलून चालायचे. गुऱ्हाळवाल्यांना त्यानं वखार विकून पैसे दिले. मग कंपनीचा वार्षिक अहवाल निघाला. पुढच्या पानांवर वाढलेला नफा, मागच्या पानांवर ढेपेवर हात ठेवून हसणारा मित्र.

बाजारात कुणी मला बोल लावला तर मित्रच भांडायचा. "त्याला कशाला बोलताय? त्यालाबी कंपनीनं फसवलंय." पुढं पुढं मीही लोकांना तसंच सांगू लागलो. कंपनीनं मला वापरलं, त्याचा राग आजही जात नाही. पण फोन मला आधी आला होता.

गेल्या महिन्यात सांगलीला गेलो. मित्राच्या घरी त्याच्या सुनेनं ताटं मांडली होती. पाटावर बसण्याआधी मी मित्राला सांगून टाकलं, की तू विचारलंस तेव्हा मला सगळं ठाऊक होतं.

तो म्हणाला, "तवा नुसतं सांगितलं असतंस, तर पिवळा केला असता की रं."

एवढंच. मग सुनेला हाक मारली. "ताटं उचल गं. दिवस मावळला."

खिडकीच्या गजांवर अजून ऊन होतं. सुनेनं खिडकीकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही ताटं उचलली. मी चपला घातल्या. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, आता सकाळपर्यंत तोही उपाशीच राहणार.