मगरमासा आणि अण्णांचं कोपर

अण्णा सकाळी उठले की चहाच्या आधी बाही वर करून माशाच्या टाकीत कोपर बुडवायचे. तान्ह्या मुलाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. "सव्वीस," म्हणायचे, मग चहा. टाकीला थर्मामीटर चिकटवलेला होता, त्याच्याकडे मागाहून बघायचे. सव्वीसच असायचं. "नळी खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलते," हे त्यांचं बोलणं.

परळच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत ओल राखावी लागते, ते काम अण्णांचं. मी साच्यावर, कापड विणायला. गिरणी गेली, अण्णांची ती नजर राहिली.

मासा नातवाने आणला, बोटाएवढा. दुकानदार त्याला अ‍ॅलिगेटर गार म्हणाला, चाळीत तो मगरमासा झाला. नातू नोकरीला बाहेरगावी गेला, मासा इथेच हातभर वाढला. टाकी पलंगाच्या जागी आली नि अण्णा जमिनीवर. मी म्हणायचो, "अण्णा, भाडेकरू तो, तुम्ही पोटभाडेकरू." मासा मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यायचा. अण्णा म्हणायचे, "आपल्यासारखाच रे. श्वासाला बाहेर यावं लागतं."

बावीसच्या खाली नाही, अठ्ठावीसच्या वर नाही, हा त्यांचा कायदा. थंडीत फार काही करावं लागत नसे. खरी परीक्षा मे महिन्यात, वर पत्रा. दोन माठांत आदल्या दिवशीचं पाणी असे. टाकीतलं मगभर काढायचं, माठातलं मगभर घालायचं. "तासाला एक डिग्री. त्याहून घाई केलीस तर मासा जाईल."

अशाच मे महिन्यात अण्णांना ऑपरेशनसाठी नेलं. जाताना म्हणाले, "शिवा, जमेल ना? तू हट्टी मेल्या."

"चौथी शिकलोय, पण आकडे कळतात," मी म्हटलं.

तिसऱ्या दुपारी थर्मामीटर तेहतीस दाखवत होता. पाण्याचा मग हातात घेऊन तासन् तास बसणं मला बायलेपणाचं वाटलं. आम्ही कोकणातली माणसं. आमच्याकडे मासा म्हटला की बर्फ. मच्छीबाजारातून अर्धी लादी आणली नि सोडली टाकीत. मासा एका कुशीवर झाला. मी बर्फ बाहेर काढला. संध्याकाळी तो वर आला तो हवेसाठी नाही. चाळीमागे पुरला.

इस्पितळात अण्णांनी विचारलं, "किती?"

"सव्वीस."

"वर येतो ना?"

"येतो."

रोज हेच. आजाऱ्याला धक्का नको म्हणून, असं लोक म्हणतील. तसं नव्हतं. मला मान खाली घालायची सवय नाही. पण त्या दिवसापासून मी पाण्याचा मग घेऊन बसू लागलो. रिकामी टाकी सव्वीसवर ठेवली.

अण्णा घरी आले. भिंत धरून टाकीपाशी गेले. आत बघितलं. बाही वर केली, कोपर बुडवलं, बराच वेळ.

"सव्वीस," म्हणाले. "चहा टाक."

बर्फाचं मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी ते गेले.

टाकी आता माझ्या खोलीत आहे. मीही जमिनीवर झोपतो. मासा आणलेला नाही, आणणारही नाही. सकाळी कोपर बुडवतो. चुकतो. कधी दोनने, कधी तीनने.