परांचीचं भोक

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी आमच्या आतल्या खोलीचा एसी मोठ्यानं खडखडला आणि बंद पडला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनीच धावत आत गेले. आमचे हे खाटेवर पडल्या पडल्या छताकडं बघत होते.

"गेला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्याच्या घरी एसी बंद पडला तर लोक पंखा लावतात, जरा कुरकुरतात आणि दारात येऊन बसतात. आमच्याकडं तसं भागत नाही. हे गवंडी. सहा वर्षांपूर्वी परांचीवरून, म्हणजे भिंत चढवताना बाहेरून बांबूंचं जे मचाण बांधतात त्यावरून पडले आणि मानेचा मणका गेला. खांद्याखालचं अंग हलत नाही, आणि त्या अंगाला घामही येत नाही. डॉक्टरांनी मला तेव्हाच बजावलं होतं की खोली तापली की हा माणूस तापणार, आणि हा ताप गोळीनं उतरत नाही, खोलीच थंड ठेवावी लागेल. पारनेरच्या उन्हाळ्यात खोली थंड ठेवायची म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. समोरच्या घरातली बाई येता-जाता म्हणायची, "मास्तरीणबाईंच्या घरात महाबळेश्वर हाय." मी हसून सोडून द्यायचे, पण रात्रभर ते मनात राहायचं.

आमची आळी टेकडीच्या उतारावर आहे. घरं जुनी, काळ्या दगडाची, खालच्याच्या छताला लागून वरच्याचं अंगण. गाडी येईल असा रस्ता नाही, पायऱ्या आहेत. खालच्या चौकापासून आमच्या दारापर्यंत एकसष्ट. ह्यांना दवाखान्यात न्यायचं म्हटलं की चार माणसं आणि चादरीची झोळी लागते. त्यामुळं सहा वर्षांत हे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वेळा बाहेर पडले, आणि तेही पाठीवर, आभाळाकडं तोंड करून.

बंद पडलेला एसी खिडकीत बसवलेला होता. हे दवाखान्यात असतानाच तो बसवून घेतला आणि खिडकी कायमची बंद झाली. खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. त्या खिडकीतून खाली चौकातलं मंगल कार्यालय दिसतं. त्याच्या दर्शनी भिंतीचं घडीव दगडाचं काम ह्यांच्याकडं होतं, आणि शेवटचा थर लावायचा राहिला असताना हे तिथूनच पडले. पडल्या पडल्या रोज ती भिंत डोळ्यांसमोर नको, असं मी ठरवून टाकलं. पहिल्या वर्षी त्यांनी एकदा विचारलं होतं, "त्या कामाचं पुढं काय झालं गं?" मी म्हणाले, "तो विषय आपल्या घरात नको." पुन्हा त्यांनी विचारलं नाही. विसरले असतील, असं मी धरून चालले.

मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. जन्मभर पोरांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' करायला लावलं. निवृत्त झाले तेव्हा शाळेतून नारळ आणि शाल घरी आली, आणि ही खोडही आली. ह्यांना हाताची घडी घालता येत नव्हती, पण तोंडावर बोट मी ठेवायला लावलंच होतं. जेवायला काय, अंघोळ कधी, कुणाला घरात घ्यायचं, कुणाला दारातूनच परत लावायचं, सगळं मीच ठरवायचे. प्रेमानंच ठरवायचे, त्यात खोट नाही. पण ठरवायचे मी.

सुप्याहून मेकॅनिक आला. त्यानं एसी उघडून पाहिला आणि मान हलवली. आतली जाळी कुजली होती, तो भाग आता मिळत नव्हता. "काकू, ह्याच्यात जीव न्हाई राहिला. स्प्लिट बसवा. आत भिंतीवर एक पेटी, भाईर एक पेटी, मधी पाइप. खिडकी मोकळी हुईल तुमची."

आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत होतो. ह्यांच्या अंगावरून. पलंगावर सामान ठेवलेलं असावं आणि त्याच्यावरून बोलावं तसं.

"खिडकी..." हे म्हणाले.

"ती विटांनी बुजवून टाकू," मी मेकॅनिकला म्हणाले. "नाहीतर सगळा गारवा बाहेर जायचा."

संध्याकाळपर्यंत मी विटा मागवूनही टाकल्या. त्या पायऱ्यांवरून डोक्यावर वाहून आल्या आणि दाराशी रचल्या गेल्या. पुढचे दोन दिवस ओल्या चादरी आणि पंख्यावर काढले. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं, त्यामुळं चादरी पिळलेलं पाणी मी पुन्हा त्याच बादलीत धरत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मेकॅनिक आणि त्याचा जोडीदार नवीन पेट्या खांद्यावर घेऊन वर आले. नऊला त्यांनी जुना एसी खिडकीतून ओढून काढला. सहा वर्षांनी त्या खोलीत उजेड शिरला तो थेट ह्यांच्या तोंडावर. त्यांनी डोळे मिटून घेतले, मग हळूहळू उघडले.

"राहू दे जरा," हे म्हणाले.

"ऊन येतंय," मी म्हणाले आणि खिडकीवर जाड गोधडी टांगली.

मग पाइपसाठी भिंतीला भोक पाडायचं काम निघालं. आमची भिंत दीड हात जाड. मेकॅनिकनं खिडकीच्या चौकटीच्या उजवीकडं खडूनं गोल काढला आणि मोठं ड्रिल लावलं. त्या आवाजानं फळीवरची भांडी नाचायला लागली.

"तिथं नको," हे खाटेवरून म्हणाले. "तिथं लांब दगड हाय. ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत एकच."

ड्रिल थांबलं. मेकॅनिकनं माझ्याकडं बघितलं. त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. घरात कुणाचं चालतं हे परक्या माणसालाही दोन दिवसांत कळलं होतं.

"तुम्ही गप्प पडून राहा बरं," मी म्हणाले. "त्यांना त्यांचं काम करू द्या."

हे वाक्य मी कितीतरी वेळा आठवलं आहे. ज्या माणसानं ते घर दगडावर दगड ठेवून उभं केलं, त्याला मी भिंतीबद्दल गप्प बसायला सांगितलं.

दोन तास ड्रिल चाललं. चार बोटं आत गेलं आणि अडकलं. मेकॅनिकनं जोर लावला तसं टोक कट्कन मोडलं. दुसरं टोक त्याच्याकडं नव्हतं. "नगरवरून आणावं लागंल. आता जाऊन यायचं म्हनजे... उद्या सकाळी येतो काकू."

साडेबारा वाजले होते. टेकडी तापली होती. पायरीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. मी ह्यांच्या कपाळाला हात लावला, ते भाजत होतं. थर्मामीटर लावला, एकशे एक. चादर भिजवली, पिळली, पांघरली. ती अंगावरच गरम झाली. पुन्हा लावला तर एकशे दोनच्या वर. चेहरा लाल, ओठ कोरडे, आणि छातीपासून खाली हात फिरवला तर कातडी कोरडी ठणठणीत. मेकॅनिक हत्यारं गोळा करता करता थांबला होता.

समोरची बाई न बोलावता आली. तिच्या फ्रीजमधला सगळा बर्फ तिनं पातेल्यात भरून आणला होता. महाबळेश्वरवाली हीच. ती बर्फ फडक्यात बांधून ह्यांच्या काखेत, मानेशी ठेवायला लागली. "बाई, झोळी करायची का? मानसं गोळा करू का?" तिनं मला हळूच विचारलं. भर उन्हात एकसष्ट पायऱ्या उतरायच्या म्हणजे माणूस खाली पोचेपर्यंत काय होईल, ते मला दिसत होतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे बोलत नाहीयेत. मघापासून एक शब्द नाही. मीच सांगितलं होतं ना गप्प राहायला. मला इतकी भीती वाटली की मी खाटेशी गुडघे टेकून बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अहो, चुकलं माझं. सांगा ना, भिंतीला भोक कुठं पाडायचं?"

त्यांनी डोळे उघडले. बोलायला वेळ लागला.

"पाडायचं न्हाई. हाय तिथं. चौकटीच्या वरच्या रेघंत, डाव्या अंगाला... दोन हात सोडून. परांचीचं भोक. म्याच बुजवलंय. तू कपच्या देत हुतीस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. हे दिवसा लोकांची घरं बांधायचे आणि कामावरून सुटल्यावर आमचं. परांचीचे आडवे बांबू भिंतीतच खोचतात, आणि काम संपलं की बांबू काढून ती भोकं दगडाच्या कपच्यांनी बुजवतात. मी खाली ओट्याशी उभी राहून ओंजळी भरभरून कपच्या वर देत होते. प्रत्येक ओंजळीला हे वरून म्हणायचे, "आन अजून." हे सगळं मला ठाऊक होतं. मी ते विसरले होते, आणि ते हलूसुद्धा न शकणाऱ्या माणसानं जपून ठेवलं होतं.

मेकॅनिकनं स्टुलावर चढून हातोडीच्या मुठीनं भिंत ठोकली. ठक, ठक, आणि मग एकदम बद्द आवाज. त्यानं गिलावा उडवला आणि छन्नी घातली. एक कपची निघाली, मग दुसरी, मग ओंजळभर. त्यानं लांब सळई आत सारली. ती बाहेरच्या अंगाचा गिलावा फोडून पार गेली, आणि भिंतीत रुपयाएवढा उजेड दिसला.

"काका," तो स्टुलावरूनच म्हणाला, आणि ह्या वेळी त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, "ह्यातून पाइप बसंल का, का अजून मोठं करू?"

"बसंल," हे म्हणाले. "भाईरच्या अंगाला जरा उतार दे. पानी आत याया नको."

पुढचे दोन तास ते दोघं घाईनं काम करत होते, आणि आम्ही दोघी बर्फ बदलत होतो. मधेमधे मेकॅनिक खाटेकडं वळून विचारायचा, हे डोळे मिटूनच एका शब्दात सांगायचे. साडेतीनला मशीन सुरू झालं. ते नव्या तऱ्हेचं, आवाज जवळजवळ नाहीच. मला आधी वाटलं चालूच झालं नाही. मग गार वाऱ्यानं खिडकीवरची गोधडी हलली. पाचच्या सुमारास थर्मामीटर शंभराच्या खाली आला. समोरची बाई पातेलं घेऊन उठली आणि दारात म्हणाली, "मी लई बोलले बाई तुमाला. मनात धरू नका." मी तिचा हात धरला.

सगळे गेले. मी खोली झाडली, कपच्या केरात न टाकता एका डब्यात भरल्या. मग दाराशी रचलेल्या विटा दिसल्या. खिडकी बुजवायला दुसरा गवंडी सकाळी येणार होता.

मी खाटेजवळ गेले. खरं तर हा प्रश्न अगदी साधा, पण तो मी त्यांना कधी विचारला नव्हता.

"खिडकीचं काय करू?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. ते पुसायलाही त्यांना मीच लागते.

"सा वर्सांनी इचारलंस," ते म्हणाले. "गोधडी काढ."

मी गोधडी काढली. ऊन उतरलं होतं. त्यांच्या मानेमागं दोन उशा दिल्या आणि खांद्याखाली हात घालून त्यांना वर उचललं. मला वाटलं होतं, ती भिंत बघून त्यांना त्रास होईल. श्वास वाढला तर लगेच खाली निजवायचं, अशी मी तयारीच ठेवली होती. माझा हात भरून आला तरी त्यांची नजर हलत नव्हती.

"पुरी झाली की," ते अखेर म्हणाले. "मला वाटायचं, आर्धीच टाकली आसंल."

सहा वर्षं. एवढीच गोष्ट त्यांना हवी होती, आणि ती मला एका शब्दात सांगता आली असती.

मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती आठी मी विसरले होते. दुसऱ्याचं काम बघताना पडायची ती.

"वरचा थर कुनी लावला? डावीकडं उतरलाय. दोरीच धरली न्हाई गड्यानं."

मी त्या भिंतीखालून रोज बाजाराला जात होते, मान खाली घालून. त्या दिवशी त्यांना धरून ठेवता ठेवता मी पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. थर वाकडा होता.

"हो," मी म्हणाले. "वाकडा आहे."

"मग," हे म्हणाले, आणि आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तो बघत राहिलो.