मामाला अडवणारी कल्लव्वा

हावेरीच्या बसस्टँडामागच्या शाळेत कल्लव्वा हडपद एकोणीस वर्षं आया आहे. नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे आणि शाळा सुटताना गेटावर उभं राहायचं, एवढंच तिचं काम. भांडणं ती फुकट करते. कुणाच्या बापाला ती भीत नाही असं गावात म्हणतात, आणि ते अक्षरशः खरं आहे, कारण तिनं बापही अडवलेत. प्रत्येक मुलाच्या अर्जावर त्याला घरी न्यायला येणाऱ्या दोघांची नावं असतात. कल्लव्वाला वाचता येत नाही, म्हणून क्लार्ककडून वाचून घेऊन तिनं सगळ्या मुलांची ही दोन-दोन नावं तोंडपाठ केली आहेत. तिसरं माणूस आलं की गेट बंद.

मुख्याध्यापक हिरेमठ सर भले गृहस्थ, पण शाळेच्या फेसबुक पानाचं त्यांना भारी वेड. वाढदिवस आला की मुलाला चकचकीत टोपी घालायची, फोटो काढायचा, खाली नाव, इयत्ता, तारीख लिहून जगाला दाखवायचं. कल्लव्वानं एकदा विचारलं होतं की लेकरं म्हणजे बाजारात मांडायचा माल आहे का. सरांनी तिला अडाणी ठरवून विषय मिटवला.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस पेढ्यांचा पुडा घेऊन गेटावर आला. तिसरीतल्या सिंचनाचा सख्खा मामा आहे म्हणाला, राणेबेन्नूरचा. वाढदिवस आहे, जेवायला बाहेर नेतो. क्लार्कनं लगेच मुलीला बाहेर सोडायची चिठ्ठी फाडून दिली. त्याचंही चुकलं नाही म्हणा. आमच्याकडे मामा म्हणजे निम्मा बाप. कान टोचायला मांडी त्याची, लग्नात पहिला मान त्याचा, आणि जुन्या घरांतून तर भाचीवर लग्नाचा हक्कही त्याचाच. मामा दारात आला की पाण्याचा तांब्या पुढे करायचा, चौकशी करायची नाही.

कल्लव्वानं चौकशी केली. सिंचना जूनमध्येच नवीन आलेली. तिच्या अर्जावर आई सुवर्णा आणि घरमालकीण आजी, एवढीच नावं. मग मामाला ही शाळा कुणी सांगितली?

त्यानं हसत फोन पुढे केला. सकाळीच शाळेच्या पानावर चढलेला फोटो, टोपी घातलेली सिंचना, खाली सगळा तपशील. "तुमच्याच शाळेनं सांगितलं की."

"सख्ख्या मामाला भाचीची शाळा बहीण सांगते," कल्लव्वा म्हणाली. "फोन नाही सांगत."

एवढ्यात तिनं मागे पाहिलं. सिंचना पाण्याच्या टाकीआड जाऊन बसली होती, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. पेढे पाहून मूल पळत यायला हवं होतं. कल्लव्वाचं डोकं तापलं. तिनं गेटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

मग जो तमाशा झाला तो अर्ध्या गल्लीनं पाहिला. मामानं तिची जात काढली, वय काढलं. सर धावत आले, मामाची माफी मागू लागले आणि कल्लव्वाला गेट उघडायला सांगू लागले. सुवर्णाला फोन लागत नव्हता. शिवणकामाच्या कारखान्यात फोन दारातच काढून घेतात, ती पाचला सुटते. सरांनी शेवटचं बजावलं, की पाहुण्याची माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

"उद्याचं उद्या बघू," कल्लव्वा म्हणाली. "आज लेकरू माझ्या ताब्यात आहे. किल्ली पाहिजे तर माझ्या कमरेची काढून घ्या, सर. सगळे बघतायत."

कुणी पुढे आलं नाही. तिनं सिंचनाला स्वयंपाकघरात नेऊन चुरमुरे दिले आणि पुन्हा गेटावर येऊन स्टूल टाकून बसली. नोकरी गेली तर खायचं काय, हे तिला माहीत नव्हतं. भीती वाटत होती, पण ती त्या माणसाला दाखवायची नाही एवढं ठरलेलं होतं. मामाही हलला नाही. बहीण आली की या म्हातारीला धडा शिकवतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला. शाळा सुटल्यावर बाकीची मुलं तिनं एकेक करून सोडली आणि पुन्हा कुलूप लावलं.

सव्वापाचला सुवर्णा आली. भावाला पाहताच ती रस्त्यातच थांबली. सरांना वाटलं, आता ती भावाच्या पाया पडेल. तिची मान खाली गेलीही, जन्मभराची सवय. मग ती वर आली.

"अण्णा, तू जा. माझ्या मुलीला पुन्हा हात लावायचा नाही."

मामा काहीतरी बोलू लागला, पण पेढ्यांचा पुडा गेटावरच सोडून भरभर निघून गेला. सुवर्णा सरांकडे वळली. आवाज चढवला नव्हता तिनं.

"घर सोडलं, गाव सोडलं, शाळा बदलली, ते सगळं याच्यामुळे. आईलासुद्धा पत्ता दिला नाही मी. तुम्ही का दिलात?"

पोलिसांत जायला सोबत येतो, असं काहीतरी सर पुटपुटले. ते कल्लव्वानं ऐकलं आणि मान हलवली, पण ती स्टुलावरून उठली नाही.

"ते जाऊच, मी पण येते," ती म्हणाली. "आधी फोनवरचे ते फोटो पुसून टाका. हिचा एकटीचाच नाही, सगळ्या लेकरांचे. तोवर हे गेट उघडत नाही, आणि तुम्हीही घरी जात नाही."

सर गेटाच्या आतल्या पायरीवर बसले आणि एकेक फोटो पुसू लागले.