शालीचा शब्द

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारच्या बाई सत्तरी ओलांडलेल्या आणि भलत्याच फटकळ. माझ्या फोडणीच्या वासावरून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला सुनावलं. मीही त्यांच्या उकडलेल्या कोबीबद्दल गप्प बसले नाही. तिथून आमचं जमलं.

त्यांचं बालपण इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रातल्या मॅन बेटावर गेलेलं. तिथली जुनी मँक्स भाषा त्यांच्या आईला आणि आजीला येत होती, पण पोरांना इंग्रजीच यावी म्हणून दोघी पोरांसमोर ती बोलत नसत. इंग्रजीतही एकमेकींशी अवाक्षर नाही. "सासू-सुनेचं पटायचंच नाही. माया म्हणून नव्हती आमच्या घरात," बाई सांगायच्या. आईचा एकच शब्द त्यांच्याकडे उरला होता: एलशूफर. संध्याकाळी सासूच्या खांद्यावर शाल घालताना आई तो पुटपुटायची. शालीलाच म्हणत असणार, असं बाईंना वाटायचं. मरायच्या आत तो नक्की काय ते कळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. चर्चच्या हॉलमध्ये मँक्सचा बिगिनर्स क्लास निघाला. बाईंना संध्याकाळचं ड्राइव्ह करवत नसे, म्हणून मी नेऊ लागले, आणि गाडीत बसून काय करायचं म्हणून मीही वर्गात बसले. शिक्षकांनी 'एलशूफर' ऐकून नकारार्थी मान हलवली. शालीला असा शब्दच नव्हता.

पुढच्या आठवड्यात धडा हवामानाचा. ब्रिटनमध्ये दुसरं काय शिकवणार! मँक्समध्ये पाऊस पडत नाही, तो फेकला जातो: 'टे क्यौ फ्लिया.' मला फार नवल वाटलं. ही भाषा पाळण्यापासून बोलणारी जुनी माणसं केव्हाच गेलेली, आणि इथे चहाचे मग हातात धरून दहा-बारा जण 'आज गार आहे' म्हणत होते. मेलेलं म्हणून सोडून दिलेलं असं पुन्हा बोलायला लागतं?

मग शेजारच्याला विचारायचं होतं, 'तुला थंडी वाजतेय का?' 'वेल ऊ फूर?' ऊ म्हणजे तू. मी बाईंकडे वळले आणि अडले. आईपेक्षा मोठ्या बाईला एकेरीत कसं विचारायचं? इंग्रजीत 'यू'मध्ये सगळं खपून जातं. इथे जीभच वळेना.

"तुम्ही म्हणायला काही नाही का?" मी शिक्षकांना विचारलं.

"आहे, श्यू. पण बिगिनर्सनी सध्या ऊच वापरा."

ऐकेन तर मी पुण्याची कसली! बाईंकडे वळून मी रीतसर विचारलं, "वेल श्यू फूर?"

बाईंच्या हातातला मग तसाच राहिला. "पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या. मी म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. "आता भरभर म्हण. पुटपुटल्यासारखं."

मी पुटपुटले. वेलश्यूफूर. एलशूफर. पोरीच्या कानांनी नीट न कळता उचललेलं एक अख्खं वाक्य सत्तर वर्षं त्या तोंडात घेऊन फिरत होत्या. तुम्हाला थंडी वाजतेय का? सुनेने सासूला, आदराने, रोज संध्याकाळी विचारलेलं. एवढं मोठं काही मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं.

बाईंनी मँक्सचं पुस्तक मिटलं.

"विचारत होती गं ती," त्या म्हणाल्या. "आणि मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले, की त्या दोघी बोलत नव्हत्या."