चौकशीवरच्या डोंगरेची चौकशी

बस स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत वर्षभर बसा, किस्से शोधावे लागत नाहीत. आपोआप साचत जातात! सत्तरच्या दशकात नागपूरला मी आणि गजभिये आळीपाळीने त्या खिडकीत बसायचो. विचारायचे लोक आणि गोंधळून जायचो आम्ही. त्यात माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं. दोन स्थळं हातची गेलेली, आईचा जीव टांगणीला लागलेला.

*

एका शेतकऱ्याने काटोलच्या गाडीची वेळ विचारली. मी म्हटलं, "साडेतीन." तो गेला. त्याने मोसंबीच्या रसवाल्याला विचारलं, मग दाणेवाल्याला, मग एका पोलिसाला. आणि पुन्हा माझ्या खिडकीशी आला.

"बराबर सांगतलं होतं गा तुम्ही!"

मी पास झालो होतो! थँक्यू म्हणावं की चिडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

*

इतवारीतले एक शेठजी फोन करायचे.

"वर्ध्याची गाडी सुटली काय?"

"सुटतेच आहे."

"थांबवून ठेवा. मी जेवण करून राहिलो!"

मी चक्क "बरं" म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

*

एक मावशी आल्या. "उमरेडची गाडी आली काय?"

"आली ना, मघाशीच."

"माही सून उतरली काय त्यातून?"

"मावशी, ते मला कसं कळणार?"

"मंग चौकशीत कायले बसले?"

मी मुकाट्याने उठलो आणि सून शोधायला गेलो!

*

गजभियेला सासरी भंडाऱ्याला जायचं होतं. पठ्ठ्याने गाडीची वेळ पानठेल्यावर विचारली आणि गाडी चुकवली!

"अरे, तू स्वतः खिडकीत बसतोस ना?"

"ड्युटीवर नव्हतो ना गा मी! सुट्टीच्या दिवशी मले काय मालूम राहते?"

*

तिसरं स्थळ नरखेडकडचं आलं. घरचा संत्र्याचा बगीचा, मुलगी मॅट्रिक. हे तरी जमावं, असं मला मनापासून वाटत होतं. अशात एका दुपारी धोतर-टोपीतले एक गृहस्थ खिडकीशी आले.

"इथं तो प्रभाकर डोंगरे बसते ना? नरखेडकडून आलो. माही पोरगी द्यायची आहे त्याले. कसा आहे पोरगा?"

प्रभाकर डोंगरे म्हणजे मीच! तोंडून निघून गेलं, "तो आज सुट्टीवर आहे."

"बरं झालं. मंग तुम्ही खरं सांगाल."

आता स्वतःची तारीफ कोणत्या तोंडाने करायची? मी म्हटलं, "तसा बरा आहे. पण तापट आहे. सकाळी लवकर उठत नाही. आईशिवाय त्याचं पान हलत नाही."

गेलं हेही स्थळ, असं मनाशी म्हणून मी मान खाली घातली. तेवढ्यात ते खिडकीत डोकं घालून हळूच म्हणाले,

"सोबतच्या माणसाचंबी खरं सांगून राहिले तुम्ही. तुमचं लगन झालं काय गा?"

"नाही."

"मंग त्या डोंगरेले राहू द्या. तुमचं नाव सांगा!"